दोनशे बारा ते दोनशे एक्केचाळीस अंश

बार्जवरून ट्रक उतरला तेव्हा त्याच्या पाठीवरची तबकडी निळ्या ताडपत्रीत करकचून बांधलेली होती. धक्क्यावर अठरा विद्यार्थी तिच्याकडे बघत उभे होते. शेवटी जेरिको अगपालोने तोंड उघडले.

"एवढी मोठी कढई," तो म्हणाला, "आणि तळायला कुणी काहीच आणलं नाही."

"ढग तळ," नोहेआ म्हणाली.

त्यांच्या प्राध्यापिका डॉ. शिमाबुकू हसल्या नाहीत. चाळीस वर्षे त्या या बेटांवरचा पाऊस पाहत आल्या होत्या आणि चाळीस वर्षे त्यांना तो अर्धामुर्धाच दिसला होता. सरकारी रडार होती ती दुसऱ्या बेटांवर. मधे समुद्र, आणि समुद्रापुढे कोओलाऊ डोंगराचा कडा. इथला पाऊस बुटका. तो डोंगराच्या खांद्याएवढा उंच होतो आणि तिथेच रिता होतो. दुरून येणारा किरण त्याच्या डोक्यावरून निघून जातो आणि नोंदवहीत त्या दिवशी आकाश निरभ्र असते. आता मुख्य भूमीवरून तीन आठवड्यांसाठी चाकांवरचे रडार आले होते. ते हवे तिथे नेता येणार होते, डोंगराच्या अगदी पायाशी लावता येणार होते. रोज एक विद्यार्थी मोहिमेचा प्रमुख होणार होता: किरण किती वर उचलायचा, किती वेळाने फिरवायचा, हे त्या दिवशी त्याने ठरवायचे. चुकले तर चूक त्याच्या नावावर.

"शिकवायचं आहे ते एवढंच," डॉ. शिमाबुकू म्हणाल्या. "यंत्र खोटं बोलत नाही. पण ते खरंही आपणहून सांगत नाही."

नोहेआ काआइहुए हे ऐकत असताना मनाने पर्वताच्या पलीकडे, वाइहुनाच्या खोऱ्यात होती. तिच्या वडिलांची, इसायांची, तिथे अळूची अकरा खाचरे होती. त्यांपैकी चारांत पाणी होते. उरलेल्या सातांत गवत वाढत होते, कारण शंभर वर्षांपूर्वी उसासाठी डोंगर पोखरून ओढ्याचे पाणी पलीकडच्या कोरड्या बाजूला नेले होते. ऊस संपला, साखरेचा कारखाना पडला, बोगदा मात्र वाहतच राहिला. आता तो गोल्फची मैदाने भिजवत होता. खोऱ्यातल्या नऊ कुटुंबांनी पाणी परत मागितले होते. मार्चमध्ये पाणी आयोगापुढे सुनावणी होती. कंपनीचे म्हणणे सरळ होते: खोऱ्याच्या माथ्यावर पाऊसच फारसा पडत नाही, ओढ्यात मुळात पाणी नव्हतेच, मग परत काय द्यायचे? आणि पर्जन्यमापक होता तो खोऱ्याच्या तोंडाशी, पोस्टाच्या अंगणात, जिथे ऊन पडते.

माथ्यावर कधी कुणी मोजले नव्हते. आता मोजता येणार होते. नोहेआला या तीन आठवड्यांतून दुसरे काहीही नको होते.

वाइहुना तिचे घरचे, म्हणून जागेची पाहणी तिच्याकडे आली. ट्रक किनाऱ्यालगतच्या कुरणात लागणार होता. तिने कुठून काय दिसते ते नोंदवायचे होते आणि बंद कोनांचा तक्ता भरायचा होता. तबकडी गोल फिरते. शाळेकडे, दवाखान्याकडे, घरांकडे तिचे तोंड वळले की किरण आपोआप मिटतो, आणि पुढे सरकला की पुन्हा उघडतो. कोणत्या अंशापासून कोणत्या अंशापर्यंत मिटायचे आणि का, हे त्या तक्त्यात असते. एकदा सही झाली की तीन आठवडे तोच तक्ता.

पाहणी संपवून ती आत्याकडे गेली. शनिवारची दुपार होती. वेलिना, म्हणजे इसायांची थोरली बहीण, एकतीस वर्षे शाळेची बस चालवत होती आणि दर शनिवारी ती बस स्वतः धूत असे. साऱ्या खोऱ्याप्रमाणे नोहेआही तिला आंटी म्हणत असे.

"आलीस? ती बादली घे. तुझं ते यंत्र काय करतं म्हणे?"

"लहरी सोडतं, आंटी. थेंबाला आपटून परत येतात. किती परत आल्या त्यावरून पाऊस कळतो."

"म्हणजे टॉर्च."

"टॉर्चच. फक्त उजेड दिसत नाही."

"आणि ही टॉर्च वर कड्यावर मारणार तू?"

"पाऊस तिथेच आहे ना."

आंटीने पाण्याची नळी खाली टाकली, नळ बंद केला. नळीतले उरलेले पाणी सिमेंटवरून वाट काढत गेले. मग हनुवटी उचलून तिने डोंगराकडे निर्देश केला. आमच्याकडे अशा गोष्टीला बोट दाखवत नाहीत.

"त्या दुहेरी धबधब्यापासून वाकलेल्या सुळक्यापर्यंत. तेवढं सोड. तिकडे मारू नकोस."

नोहेआला क्षणात सगळे कळले. काआइहुए घराण्यात प्रत्येक पिढीत एका माणसाला ती जागा ठाऊक असते. पूर्वजांची हाडे जिथे गुहेत ठेवली आहेत आणि गुहेचे तोंड जिथे दगडांनी बुजवले आहे, ती जागा. ती लिहिली जात नाही, दाखवली जात नाही. जपणारा म्हातारा झाला की पुढच्याच्या कानात उतरते. या पिढीत ती वेलिनाकडे होती. इसायांनाही ती माहीत नव्हती, आणि त्यांनी ती कधी विचारली नव्हती. नको तिथे नाक खुपसणाऱ्याला आमच्याकडे 'नीएले' म्हणतात. शिवी नव्हे ती, पण शिवीपेक्षा जास्त लागते.

"आंटी, तो माथाच आहे सगळा. एकोणतीस अंश होतात."

"मोजणारी तू. मला अंश कळत नाहीत."

"थोडं कमी केलं तर? त्यातला अर्धा…"

"अर्धा सांगितला की जागा कळते, बाई. एवढी साधी अक्कल विद्यापीठात शिकवत नाहीत?"

"डॅडला पाणी हवंय."

"मला नको आहे? तुझ्या बापाच्या खाचरातल्याच अळूची पोई खाऊन ही बस चालवते मी." तिने ओला फडका पिळून नोहेआच्या हातात दिला. "मागची काच राहिली. कोपऱ्यात नीट पूस, पोरं च्युइंगम चिकटवतात."

नोहेआने काच पुसली. तिने पुढे एकही प्रश्न विचारला नाही. लहानपणापासून ज्या न विचारण्याबद्दल तिचे कौतुक होत आले होते, तेच तिने केले.

त्या संध्याकाळी तिने तक्ता भरला. शाळा, दवाखाना, वरची वस्ती. चौथ्या ओळीत लिहिले: दोनशे बारा ते दोनशे एक्केचाळीस अंश. 'कारण' या रकान्यापाशी तिचा हात बराच वेळ थांबला. खरे कारण लिहावे तर तो कागद सरकारी. उद्या कुणीही मागेल. 'दफनभूमी' एवढा एक शब्द लिहिला तरी तिथे माणसे जातील, फिती लावतील, दगड हलवतील. तिने लिहिले: 'सुरूची उंच झाडे.' डॉ. शिमाबुकूंनी तक्ता वाचला, चौथ्या ओळीवर त्यांची नजर किंचित रेंगाळली, आणि त्यांनी सही केली.

मग ते दिवस आले, जे नोहेआला पुढे आठवणार होते ते एखाद्या दुसऱ्याच मुलीचे म्हणून.

पहाटे चारचौघे थर्मासमधली कॉफी घेऊन कुरणात जमत. मुख्य भूमीवरून ट्रकसोबत आलेला रॉस, लाल दाढीचा, मितभाषी, तबकडी फिरवू लागे आणि तिच्या घरघरीने शेजारच्या गाई उठून पलीकडे जात. समुद्रावरून ढगांचे कळप येत. ते डोंगराला अडत, चढत, काळवंडत, आणि पडद्यावर हिरव्या ठिपक्यांची पालवी फुटे, पिवळी होई, मधोमध लाल. उजाडल्यावर डॉ. शिमाबुकू विद्यार्थ्यांच्या हाती पिठाची ताटे देऊन त्यांना पावसात उभे करत. पिठात पडलेला प्रत्येक थेंब एक गोळी होऊन बसे. त्या गोळ्या वाळवायच्या, चाळायच्या, मापायच्या.

"आईने पाहिलं तर म्हणेल, यासाठी कर्ज काढून शिकवलं का," जेरिको म्हणे. "पाऊस चाळतोय."

"चाळ नीट," डॉ. शिमाबुकू म्हणत. "मुख्य भूमीवरचा थेंब मोठा असतो, बर्फ वितळून आलेला. रडारला मोठ्या थेंबाची भुरळ पडते. आपल्याकडचे थेंब बारीक आणि असंख्य. तिकडचं सूत्र इथे लावलं तर निम्मा पाऊस गायब. आपल्या पावसाला आपलं सूत्र हवं, आणि ते या पिठातून निघणार आहे."

नोहेआला हे सूत्र जन्मापासून पाठ होते. वाइहुनाच्या पावसाला नाव आहे: हेहिकालो. अळूच्या पानांवर पाय देत येणारा. तो कानाला आधी कळतो. वरच्या खाचरातल्या पानांवर, मग खालच्या, मग अंगणातल्या केळीवर. तिच्या लेखी तो कधी मिलिमीटर नव्हता. आता ती त्याला आकड्यांत उतरवत होती आणि तिला वाटत होते की आपण त्याच्यावर उपकार करतो आहोत.

नववा दिवस तिचा होता. प्रमुख ती. आदल्या रात्रीपासून वारा वळला होता आणि सकाळी सात वाजता माथ्यावर असा काही पाऊस सुरू झाला की खालून कडा दिसेनासा झाला. ट्रकच्या आत, दाटीवाटीने, सगळे पडद्याभोवती वाकले. धबधब्याच्या अलीकडे लाल. सुळक्याच्या पलीकडे लाल, त्यात जांभळ्याची झाक. आणि मधे, माथ्यावर, पांढरी पाचर. धारदार कडांची, स्वच्छ, काहीही नसलेली.

"कुणीतरी केक कापून नेलाय," जेरिको म्हणाला. "नेमका चेरीवाला तुकडा."

रॉसने खिडकीतून बाहेर पाहिले, मग पडद्याकडे, मग नोहेआकडे.

"नोहेआ, मी नऊ दिवस इथे आहे. त्या बाजूला मला एकही झाड दिसलेलं नाही."

तिने पडद्यावरून नजर काढली नाही.

"उघडू का? एका बटणाचं काम आहे. घरं नाहीत तिकडे, कुणाला धोका नाही. हा पाऊस परत येणार नाही, पोरी. मी वीस वर्षं हे यंत्र हाकतोय. असा दिवस एका मोहिमेत एकदा येतो."

डॉ. शिमाबुकू मागे उभ्या होत्या. त्यांनी हस्तक्षेप केला नाही. प्रमुख नोहेआ होती. तिच्या नजरेसमोर वडिलांची सात कोरडी खाचरे होती. फार तर पंचवीस मिनिटांचा पाऊस, एक बटण. आंटीला कळणारही नव्हते. कळणार नव्हते म्हणूनच ते करता येत नव्हते.

"नको," ती म्हणाली. "तक्ता आहे तसाच राहू दे."

"प्रमुख तू," रॉस म्हणाला आणि खांदे उडवून वळला.

पाचर तीन आठवडे पांढरी राहिली. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी ट्रकपुढे फोटो काढला, जेरिको तबकडीखाली आडवा झाला, आणि ट्रक बार्जवर चढून गेला. नोहेआने हिवाळाभर हिशेब केले. पाचरीच्या डाव्या-उजव्या कडांवर जो पाऊस मोजला होता तोच कंपनीच्या दाव्याच्या तिप्पट भरत होता. मधला भाग कोरा सोडूनही खोरे ओले असल्याचे सिद्ध होत होते. डॉ. शिमाबुकूंनी हिशेब दोनदा तपासला. नऊ कुटुंबांच्या वतीने तो आयोगापुढे दाखल झाला. इसायांनी आठवडाभर सात खाचरांतले गवत उपटले, बांध नीट केले, आणि चार जातींचे अळूचे बेणे कापून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. ते हसत नव्हते, पण शीळ घालत होते.

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. समोर पाच आयुक्त, भिंतीवर पडदा, मागच्या रांगेत आंटी, बसचालकाच्या निळ्या गणवेशात. कंपनीच्या वकीलबाई, ब्रॅडशॉ, आवाज चढवणाऱ्या नव्हत्या. त्या जवळजवळ मायेने बोलत.

"मिस काआइहुए, फार सुंदर काम. मला विज्ञानातलं काही कळत नाही, तेव्हा सांभाळून घ्या. ही मधली पांढरी जागा. म्हणजे तिथे पाऊस पडला नाही?"

"नाही. म्हणजे, तिथे आम्ही पाहिलं नाही. तो कोन बंद होता."

"अच्छा. आणि खोऱ्याचा माथा, ज्याबद्दल हा सगळा वाद आहे, तो नेमका कुठे येतो?"

"त्याच कोनात."

"का बंद होता तो?"

"तक्त्यात लिहिलं आहे."

"वाचता का, प्लीज?"

"सुरूची उंच झाडे."

"तक्ता तुम्हीच भरलात ना?"

"हो."

ब्रॅडशॉबाईंनी मान हलवली आणि पडद्यावर चित्र बदलले. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा तो फोटो होता: अठरा हसरे चेहरे, तबकडीखाली आडवा जेरिको, आणि त्यांच्या मागे कुरणापासून कड्यापर्यंत उघडेबोडके, लख्ख खोरे. झाड म्हणून एक नव्हते. कुणीतरी मागे खोकले.

"मला झाडं दाखवाल?"

नोहेआने फोटोकडे पाहिले. फोटोत ती स्वतः होती, ओल्या केसांची, वेड्यासारखी खूश.

"झाडं नव्हती," ती म्हणाली.

"मग तुम्ही खोटं लिहिलंत."

"हो."

"का?"

सभागृहातले पंखे फिरत होते. नोहेआने मागच्या रांगेकडे पाहिले नाही. पाहिले असते तर उत्तर मिळाले असते सगळ्यांना. शेजारी डॉ. शिमाबुकू दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. इसाया टोपी हातात घेऊन पुढे वाकले होते, जणू उत्तर ऐकू येण्यासाठी तेवढेच अंतर कमी व्हायला हवे होते.

"मी सांगू शकत नाही."

"सांगू शकत नाही की सांगणार नाही?"

"सांगणार नाही."

"तर मग," ब्रॅडशॉबाई आयुक्तांकडे वळून हळुवारपणे म्हणाल्या, "ज्या नोंदीतल्या एका ओळीबद्दल नोंदणारीच सांगते की ती खोटी आहे, तिच्या उरलेल्या ओळींचं काय करायचं ते आपण ठरवा. ही मुलगी एका दावेदाराची कन्या आहे, एवढीच आठवण करून देते."

आयुक्तांनी आपसांत कुजबुज केली. नोंदी पुराव्यातून वगळल्या. सद्भावनेने वाव दिला तो एवढाच: चौदा दिवसांत लेखी खुलासा आला तर फेरविचार होईल.

बाहेर व्हरांड्यात डॉ. शिमाबुकूंनी तिला गाठले. त्या एकदम म्हाताऱ्या दिसत होत्या.

"चौथ्या ओळीपाशी मी थांबले होते," त्या म्हणाल्या. "मी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस?"

"नाही, डॉक."

"ते ओळखूनच विचारलं नाही मी. माझी आजी ओकिनावाची, पण मीही याच बेटावर वाढले ना." त्यांनी पर्समधून गाडीची किल्ली काढली, पुन्हा आत ठेवली. "विज्ञान शिकवायला निघाले होते. विचारायचं असतं, हे पहिलं शिकवायला हवं होतं."

घरी तिला आंटीने नेले, आपल्या जुन्या पिकअपमधून. इसाया कुणाशी न बोलता पुढे निघून गेले होते. पिकअप गावाबाहेर पडली. मग नोहेआ म्हणाली, "मी खुलासा लिहिणार आहे."

"काय लिहिणार?"

"तिथे आपली माणसं आहेत, म्हणून किरण बंद ठेवला. बस. जागा नाही, गुहा नाही, नाव नाही. नुसतं एवढंच. त्यांना पटेल. त्या पाच आयुक्तांतही आपल्यातले दोघं आहेत."

"मग काय होईल?"

"मग नोंदी परत घेतील. डॅडला पाणी मिळेल, कदाचित."

"त्याच्या आधी काय होईल?"

नोहेआला ठाऊक होते. कायदा आहे: अशी जागा असल्याचे कागदावर आले की सरकारी उत्खननवाले पाहणी करतात, हद्द आखतात.

"पाहणी होईल. पण जपूनच करतात ते, आंटी. संरक्षणासाठीच असते ती."

आंटीने पिकअप रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केले. समोर खोरे होते, दुपारच्या उन्हात माथ्यापर्यंत उघडे.

"त्यांना तिथे काही सापडणार नाही," ती म्हणाली.

"खोल असेल ना. तोंड बुजवलेलं आहे म्हणतेस."

"सापडणार नाही, कारण तिथे काही नाही."

नोहेआला वाटले आपण नीट ऐकले नाही.

"दोन वर्षं झाली, कंपनीची माणसं येऊन विचारतायत," आंटी सांगू लागली, बसमधल्या मुलांना थांबा सांगावा तशा आवाजात. "तुमचं पवित्र ठिकाण कुठंय, सांगा म्हणजे आम्ही तिथे पाण्याचा नवा पाइप नेणार नाही. गोड बोलतात. सांगितलं की नकाशात खूण होणार. खूण झाली की पोरं चढणार, टुरिस्ट चढणार. न सांगावं तर पाइप कुठूनही नेतील. मग तू आलीस, तुझी टॉर्च घेऊन. मला वाटलं, बरं झालं. आता ही पोरगी एक जागा झाकेल, आणि झाकलेल्या जागेकडेच सगळे बघतील. आज बघितलंस ना? पाचही जण, ती बाई, सगळं गाव त्या पांढऱ्या तुकड्याकडे बघत होतं. तू तोंड मिटलंस आणि प्रत्येकाला पटलं की तिथेच आहे. आता तिकडे पाइप नेणार नाहीत. आणि खऱ्या जागेकडे कुणी बघणारही नाही."

"खरी कुठे आहे?"

आयुष्यात पहिल्यांदा तिने तो प्रश्न विचारला होता. आंटी तिच्याकडे वळली. तिने नोहेआच्या मानेवर हात ठेवला, तिचे डोके जवळ ओढले आणि कानात सांगितले. चार वाक्ये होती. एक ओढ्याचे, एक खडकाचे, एक झाडाचे, एक आत गेल्यावर काय दिसते त्याचे.

नोहेआने डोळे मिटून त्या जागेचे अंश मोजले. एकशे शहाण्णव. तीन आठवडे, दर मिनिटाला, किरण त्या पूर्वजांवरून गेला होता.

"तुला त्याचं काहीच नाही वाटलं?" तिचा आवाज तिलाच परका लागला. "किरणाचं?"

"किरणाचं काय घेऊन बसलीस? पाऊस रोज पडतोय त्यांच्यावर. ऊन पडतं. मला माणसांची भीती वाटते, टॉर्चची नाही."

"मग मला खरं सांगायचंस. मी दुसरीकडचा कोन मिटला असता. बिनकामाचा. माथा सोडून कुठलाही."

आंटीने हात काढून घेतला. काही क्षण तिच्या चेहऱ्यावर एक गोंधळलेली, वयस्क बाई दिसली.

"तो माथा एवढ्या कामाचा आहे हे मला कुठे माहीत होतं? तू अंश म्हणालीस. पाणी त्याच्यावर अडेल असं नाही म्हणालीस."

"मी म्हणाले होते, डॅडला पाणी हवंय."

"ते तर तो रोजच म्हणतो." तिने चावी फिरवली, इंजिन दोनदा खोकून सुरू झाले. "आता तू लिहिलंस, की ते शोधतील. तिथे नाही मिळालं, की शेजारी शोधतील. आणि आता तुलाही माहीत आहे शेजारी काय आहे. लिहायचं तर लिही. मी नाही अडवणार."

अडवायला काही उरले नव्हते. ज्याच्या कानात ती चार वाक्ये जातात त्याला नंतर कुणी अडवावे लागत नाही.

चौदा दिवस गेले. कागद पांढराच राहिला. पंधराव्या दिवशी आयोगाचे पत्र आले आणि सोळाव्या दिवशी इसायांनी ओल्या गोणपाटातले अळूचे बेणे पिकअपमध्ये भरले. पलीकडच्या खोऱ्यात त्यांच्या एका मित्राकडे पाणी होते, त्याच्याकडे निदान अळूच्या जाती टिकल्या असत्या. नोहेआ गोणी उचलू लागली. शेवटची गोणी आत ठेवून त्यांनी फळी लावली आणि हात पँटला पुसले.

"तू लिहिलं नाहीस," ते म्हणाले.

"नाही, डॅड."

"मी रागावलो होतो. आठ-दहा दिवस तुझ्याशी बोललो नाही." ते खाली पाहत होते. "मग मला उमगलं. वेलिना काही बोलली नाही, मीही विचारलं नाही, पण एवढं कळतं मला. पाणी काय, आज नाही उद्या. ती माणसं एकदाच असतात."

त्यांनी हनुवटी उचलली. दुहेरी धबधबा, वाकलेला सुळका, आणि मधला हिरवा, ओथंबलेला, रिकामा माथा.

"तिथेच आहेत ना ती?"

"हो," नोहेआ म्हणाली.

इसायांनी टोपी काढली, छातीशी धरली, आणि डोंगराकडे तोंड करून उभे राहिले. ती त्यांच्या शेजारी उभी राहिली, त्यांचे होईपर्यंत.